विल्यम बँटिंग आणि त्याचे पत्र

सन १८६२ च्या उन्हाळ्यात लंडनमधील एक वृद्ध गृहस्थ आपल्या घराचा जिना उलटा उतरत असे. पाठ खालच्या बाजूस करून, एक एक पायरी चाचपीत, तो सावकाश खाली येई. सरळ उतरू लागल्यास सर्व देहाचा भार गुडघ्यांवर व घोट्यांवर पडे आणि तो त्यांना सोसत नसे. वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधणे त्यास अशक्य झाले होते. चार पायऱ्या चढताच त्यास धाप लागे. ह्या गृहस्थाचे नाव विल्यम बँटिंग. वय पासष्ट उलटून गेलेले, उंची पाच फूट पाच इंच, आणि वजन २०२ पौंड.

बँटिंग घराण्याचा व्यवसाय थोडा चमत्कारिक होता. सेंट जेम्स स्ट्रीट ह्या प्रतिष्ठित रस्त्यावर त्यांची पेढी होती आणि थोरामोठ्यांच्या अंत्ययात्रांची सर्व व्यवस्था, शवपेटीपासून पताकांपर्यंत, ही पेढी करीत असे. तिसरा जॉर्ज १८२० साली वारला, चौथा जॉर्ज १८३० साली. वेलिंग्टनचा ड्यूक १८५२ साली आणि व्हिक्टोरिया राणीचा पती आल्बर्ट १८६१ साली. ह्या सर्वांना अखेरचा निरोप देण्याच्या कामी बँटिंग मंडळींचा हात होता. दुसऱ्यांच्या देहाची मापे घेण्यात ज्याच्या घराण्याची हयात गेली, त्यास स्वतःच्या देहाचे माप मात्र आवरता येईना, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

परंतु ह्यावरून तो आळशी किंवा खादाड होता असा कोणी तर्क करील तर तो चुकेल. त्याच्या आईबापांपैकी कोणीही स्थूल नव्हते. व्यवसायात त्याने उभा जन्म धावपळीत घालविला होता. देह फुगू लागला तो तिशी-चाळिशीच्या दरम्यान, आणि तेव्हापासूनच त्याची धडपड सुरू झाली. एका वैद्य मित्राने अंगमेहनतीचा सल्ला दिला, तेव्हा तो रोज पहाटे दोन-दोन तास एक जड होडी वल्हवू लागला. दंडात जोर आला हे खरे. पण त्याबरोबर भूकही अशी कडाडून लागू लागली की ती भागविण्यावाचून गत्यंतर नव्हते. वजन घटण्याऐवजी वाढले, आणि त्याच मित्राने होडी सोडून देण्यास सांगितले. पुढे समुद्रकाठची हवा झाली, समुद्रस्नान झाले, घोड्यावरची रपेट झाली, तुर्की पद्धतीची उष्ण स्नाने झाली. लेमिंग्टन, चेल्टनम, हॅरोगेट येथील औषधी झऱ्यांचे पाणी त्याने वेळोवेळी जाऊन प्यायले. औषधे तर त्याने घागरीच्या मापाने रिचविली. एका नामांकित वैद्याने त्यास शांतपणे असे ऐकविले की वयाबरोबर अंगावर मांस चढणे हा निसर्गक्रमच आहे. आपलेही वजन तारुण्यापासून दर वर्षी एक पौंड वाढत आले आहे! अशा सांत्वनाने रोग्याचे काय समाधान होणार?

सुमारे तीस वर्षे हा क्रम चालला. येथे थोडे थांबावयास हवे. लठ्ठ मनुष्य दिसला की त्याच्या ठायी निग्रह नाही असा निवाडा जग तत्काळ देऊन टाकते. बँटिंगच्या ठायी निग्रहाची वाण होती असे कोणत्या तोंडाने म्हणावे? सांगितले ते सर्व त्याने केले. पैसा खर्च केला, पहाटे उठला, कडू घोट घेतले. उणे होते ते फळ. आणि फळ दिसत नसता दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा नव्याने प्रारंभ करणे हे किती कठीण असते, ते ज्याने केले आहे त्यासच ठाऊक.

ह्याहून मोठे दुःख लोकांच्या नजरेचे होते. सार्वजनिक गाडीत तो चढला की शेजारचे प्रवासी अंग चोरीत. रस्त्यातून जाताना टवाळ पोरे काहीबाही बोलत. बिचाऱ्याने हळूहळू सभासंमेलनांस जाणेच सोडले. पुढे जे पत्र त्याने लिहिले त्यात ह्या अपमानाची कथा आहे, आणि ती वाचताना असे वाटते की गुडघ्यांच्या दुखण्यापेक्षा हा सल त्यास अधिक टोचत होता. त्या काळचा प्रतिष्ठित इंग्रज आपले असे दुःख चारचौघांत बोलून दाखवीत नसे. बँटिंगने ते छापून प्रसिद्ध केले, ह्यातच त्याचे धैर्य दिसते.

सुटकेची वाट सापडली ती योगायोगाने, आणि तीही कानाच्या वाटेने. १८६२ च्या ऑगस्टपर्यंत त्यास ऐकू कमी येऊ लागले होते. ज्या प्रख्यात कर्णवैद्याकडे तो जात असे त्याने ही तक्रार फारशी मनावर घेतली नाही, आणि थोड्याच दिवसांत तो वार्षिक सुटीवर निघून गेला. निरुपायाने बँटिंग सोहो स्क्वेअरमधील विल्यम हार्वे ह्या दुसऱ्या शस्त्रवैद्याकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो निराळा, तो दोनशे वर्षांपूर्वीचा.) ह्या हार्वेने १८५६ साली पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार ह्या शास्त्रज्ञाच्या मतांवरील चर्चा ऐकली होती. यकृतात साखरेसारखा एक पदार्थ तयार होतो, हा बेर्नारचा सिद्धान्त. त्यावरून हार्वेच्या मनात विचार आला की मधुमेहात साखर व पिष्टमय अन्न वर्ज्य केल्याने जर गुण येतो, तर मेदवृद्धीतही का येऊ नये? जनावरे माजविण्यासाठी गोड व पिठूळ खुराकच देतात, हेही त्याने ध्यानात घेतले. बँटिंगचा कान बिघडला तो मेदामुळेच, असे निदान करून त्याने पाच पदार्थांची मनाई केली: पाव, लोणी, दूध, साखर आणि बटाटे. बीअर तर बंदच.

हे ऐकून बँटिंग प्रथम गोंधळला, कारण तो जगत होता तो नेमका ह्याच पदार्थांवर. सकाळी दूधपाव किंवा भरपूर दूधसाखर घातलेला चहा आणि लोणी माखलेला पाव; दुपारी मांसाबरोबर बीअर व पुष्कळ पाव; रात्री पुन्हा दूधपाव किंवा फळांचे गोड पक्वान्न. नवा आहार असा होता: न्याहारीस चार-पाच औंस मांस किंवा भाजलेली मासळी, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा आणि औंसभर कोरडा भाजका पाव, दुपारी पाच-सहा औंस मासळी किंवा मांस, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी, आणि दोन-तीन पेले क्लॅरेट किंवा शेरी, तिसऱ्या प्रहरी थोडी फळे व चहा, रात्री पुन्हा तीन-चार औंस मांस वा मासळी व पेलाभर क्लॅरेट. निजताना हवाच तर बिनसाखरेच्या मद्याचा आणखी एक पेला! आपल्याकडील एखाद्या पथ्यकर वैद्याने ही यादी पाहिली असती तर त्याने कानांवर हातच ठेवले असते. परंतु बँटिंगच्या यशाचा मोठा भाग ह्या उदारपणातच होता. ह्यापूर्वीची सर्व पथ्ये उपाशी ठेवणारी होती. हे पथ्य करताना तो तृप्त होऊन पानावरून उठे, आणि जे पथ्य रोज छळते ते फार काळ टिकत नाही.

आता त्याच्या वजनाच्या नोंदीकडे पाहावे. २६ ऑगस्ट १८६२ रोजी २०२ पौंड. ७ सप्टेंबरला २००. त्या महिन्याच्या अखेरीस १९७. नाताळच्या आदल्या दिवशी १८४. पुढे सुमारे तीन-तीन आठवड्यांनी घेतलेल्या नोंदीत कोठे दोन पौंड, कोठे तीन पौंड उतरलेले दिसतात. नंतरच्या वर्षाच्या ऑगस्टअखेर काटा १५६ वर आला. म्हणजे वर्षभरात ४६ पौंड. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी घटला. जिना तो आता सर्वांसारखा उतरू लागला, बूट स्वतः घालू लागला, आणि ज्यासाठी वैद्याकडे गेला होता ते ऐकणेही सुधारले. सरासरी पाहिली तर आठवड्यास पौंडापेक्षाही थोडे कमीच पडते. कोठेही चमत्कार नाही. मात्र तीस वर्षांत प्रथमच केलेल्या कष्टाचा हिशेब कागदावर उतरत होता, आणि पुढील तीन आठवडे तग धरण्यास तेवढा आधार पुरत होता.

१८६३ साली त्याने ही सर्व हकीकत एका छोट्या पुस्तिकेत जनतेस उद्देशून पत्राच्या रूपाने छापली. पहिल्या दोन आवृत्त्या त्याने फुकट वाटल्या. तिसरी विकत ठेवली, आणि तिच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. मिळालेला नफा त्याने दानधर्मात घातला. तरुणपणी जे अन्न मानवते तेच उतारवयात बाधते, हे सांगण्यासाठी त्याने घोड्याच्या चंदीतील कडधान्याचा दाखला दिला होता. तरुण घोड्यास ते बळ देते, म्हाताऱ्या घोड्यास अपाय करते. म्हणून साखर, पाव, बटाटे ह्यांस त्याने माणसाचे कडधान्य असे गमतीचे नाव दिले. लवकरच लोक एकमेकांस विचारू लागले, तुम्ही बँटिंग करता काय? माणसाचे नाव क्रियापद होऊन बसले. इंग्रजीत ते पुढे मागे पडले, पण स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यास आजही ‘बांता’ असेच म्हणतात.

वैद्यवर्ग मात्र संतापला. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्राने बजावले की ह्यात नवे काही नाही आणि ह्या गृहस्थाने वैद्यकाच्या वाटेस जाऊ नये. पहिला आक्षेप अगदीच खोटा नव्हता. ब्रिया-सावारँ ह्या फ्रेंच लेखकाने १८२५ सालीच पिष्टमय अन्नावर असा ठपका ठेवला होता. त्याच्याही कितीतरी शतके आधी आपल्या चरकाने अतिस्थूल व अतिकृश ह्या दोघांचीही गणना निंद्य देहांत करून असे सांगितले की दोहोंत कृशता बरी, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड. त्याची योजनाही मार्मिक आहे: स्थूलास द्यावयाचे अन्न पोटास जड पण पोषणास हलके असावे. भूक भागली पाहिजे, हे मर्म त्यानेही ओळखले होते.

हार्वेची उपपत्ती आज जशीच्या तशी कोणी मानीत नाही. पाव, साखर, लोणी आणि बीअर गेल्यामुळे एकंदर आहारच उतरला, हे कारण आज अधिक पटते. रोजच्या मद्याची शिफारस तर आता कोणी करणार नाही. पण वैद्यांनी हसण्यावारी नेलेली एक गोष्ट पुढे खरी ठरली. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ ह्याने छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण स्थूल नव्हते आणि स्वखुशीने आले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विचार उरेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. भूक ही निग्रहाने गप्प बसणारी वस्तू नव्हे, देह आपले वजन राखण्यासाठी झुंजतो, हे तेथे स्पष्ट दिसले. पहाटेच्या होडीनंतर बँटिंगला लागे ती भूक ह्याच जातीची.

पत्राची चौथी आवृत्ती १८६९ साली निघाली. बँटिंग तेव्हा सत्तरीच्या पुढे होता आणि त्याचे वजन परत चढले नव्हते. ह्या अवधीत त्याने स्वतःवर प्रयोग चालविले होते. आठवड्याभरात सर्व मिळून पाच औंस साखर, म्हणजे दिवसास औंसभरही नव्हे, पोटात गेली तर आठवड्याच्या अखेरीस काटा जवळजवळ एक पौंड वर सरकतो, असे त्याने पुनःपुन्हा पडताळून पाहिले. मग साखर बंद, आणि काटा पुन्हा खाली. असा पहारा करीत तो आणखी काही वर्षे जगला आणि मार्च १८७८ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, वारला.