उत्क्रांतिवाद, वंशमापन आणि जातीचा प्रश्न

चार्ल्स डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला आणि प्रत्येक प्रजाती स्वतंत्रपणे व कायमची निर्माण झाली आहे, या समजुतीचा पाया खचला. १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात त्यांनी सर्व मानवसमूहांचे मूळ एकच असल्याचे प्रतिपादन केले. डार्विन स्वतः आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून सर्वस्वी मुक्त नव्हते. तरीही या सिद्धांतातून मानवी समतेला बळ मिळावयास हवे होते. प्रत्यक्षात त्याच्याच नावाने उच्चनीचतेचे समर्थन झाले. हे कसे घडले व आपल्या देशात त्याला कोणते उत्तर मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नैसर्गिक निवडीत टिकतो तो परिस्थितीशी जुळलेला जीव. तो श्रेष्ठच असतो असे नाही. परंतु हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली ‘जो सर्वाधिक समर्थ तोच टिकतो’ या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला आणि ‘बळी तो कान पिळी’ या व्यवहाराला शास्त्राचा मुलामा मिळाला. डार्विन यांचे आप्त फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली सुप्रजननशास्त्राचे नामकरण केले. त्याच विचारातून अमेरिकेतील अनेक राज्यांत सक्तीच्या निर्बीजीकरणाचे कायदे झाले. १९३३ साली नाझी जर्मनीनेही तसाच कायदा केला.

वंशभेदाची कल्पना डार्विनपूर्वीचीच होती. उत्क्रांतिवादाच्या काळात तिला नवी भाषा मिळाली, इतकेच. भारतात हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबीशी रुंदीचे प्रमाण, म्हणजे नासिकांक, मोजून जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा निष्कर्ष १८९१ साली मांडला. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली झालेल्या १९०१ च्या जनगणनेत जातींची सामाजिक क्रमवारी लावण्यात आली. जे स्मृतिग्रंथांनी सांगितले होते, तेच आता मोजपट्टी सांगू लागली!

या मोजपट्टीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्याच आकड्यांनी उत्तर दिले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म वंशात नसून अंतर्विवाहाच्या बंधनात असल्याचे दाखविले. १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात त्यांनी वंशशुद्धीचा व सुप्रजननाचा युक्तिवाद खोडून काढला: पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चर्मकार एकाच वंशाचे आहेत. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात, डॉ. गो. स. घुर्ये यांनी पूर्वी तपासलेल्या नासिकांकांचा आधार घेऊन, ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने भिन्न नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

नंतरचे विज्ञान याच दिशेने गेले. मानवातील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समूहातील व्यक्तींमध्ये आढळते, असे रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ साली दाखविले. भारतातील ७३ समूहांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे व्यापक संमिश्रण झाले व त्यानंतर ते थांबत गेले. म्हणजे जातीची कुंपणे निसर्गाने घातलेली नसून माणसांनी नंतर उभारलेली आहेत.

येथे पालीच्या अभ्यासकाला सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने, हा वाद घेऊन वासेट्ठ व भारद्वाज हे दोन तरुण तथागतांकडे येतात. तृण, वृक्ष, कीटक, सर्प, मत्स्य, पक्षी यांच्यात जन्मसिद्ध वेगळी लक्षणे असतात. मनुष्यांत तशी नसतात, त्यांच्यातील भेद केवळ ‘समञ्ञा’, म्हणजे व्यवहारातील नाव, आहे, असे तथागत त्यांना समजावतात.

मात्र यावरून भगवंतांनी डार्विनच्या आधीच उत्क्रांतिवाद सांगितला, असे म्हणण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. सुत्तात प्रजातींच्या परिवर्तनाचा विचार नाही. तेथे प्रश्न नीतीचा आहे. समतेला विज्ञानाच्या प्रशस्तिपत्रकाची गरज नाही. उद्या एखाद्या मोजमापात दोन समूहांत काही फरक आढळला, तरी त्यामुळे कोणाची प्रतिष्ठा तसूभरही कमी होणार नाही. आकडे खोटे असतील तर ते तपासून खोडावेत, हे बाबासाहेबांनी शिकविले. आणि माणसाची योग्यता त्याच्या कर्मावरून ठरवावी, हे वासेट्ठसुत्त शिकविते. या दोन्ही गोष्टी आपण एकत्र जपल्या पाहिजेत.