टीव्ही न पाहिलेली मुलं

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. बातम्यांचा इतिहास म्हटला की आपण संपादक बघतो, निवेदक बघतो, फार तर वार्ताहर बघतो. ज्याच्या खांद्यावर कॅमेरा असतो तो माणूस चित्रात येत नाही, कारण चित्र तोच काढत असतो. हा माणूस घडतो कसा, त्याच्या लहानपणात असं काय असतं की पुढे तो या धंद्यात शिरतो, हे आज बघायचंय.

याचं एक ठरीव उत्तर आपल्याला पाठ आहे. ‘लहानपणी टीव्हीवर अमुक युद्ध पाहिलं, तमुक नेत्याची अंत्ययात्रा पाहिली, आणि तेव्हाच ठरवलं.’ आजच्या पिढीच्या बाबतीत ते खरंही असेल. पण ज्यांनी हा व्यवसाय मुळात उभा केला, त्यांच्या जन्मतारखा जरा तपासून बघा.

मोहम्मद अमीन. जन्म १९४३, नैरोबी. शाळेची बरीचशी वर्षं गेली दार-ए-सलाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या टांगानिकात. त्या भागात, आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, टेलिव्हिजन सुरू झालं १९९४ साली! दुसऱ्या मार्गारेट मॉथ. जन्म १९५१, न्यूझीलंडमधलं गिस्बर्न हे समुद्रकाठचं गाव. त्यांना पहिला कॅमेरा मिळाला आठव्या वर्षी. न्यूझीलंडचं पहिलं अधिकृत टीव्ही प्रक्षेपण झालं १ जून १९६० ला, ऑकलंडहून. म्हणजे बाईंच्या हातात कॅमेरा आधी आला, देशात टीव्ही नंतर. तिसरे नील डेव्हिस. जन्म १९३४, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया बेट. तिथे टीव्ही आला १९६० मध्ये, तेव्हा डेव्हिस सव्वीस वर्षांचे होते.

आता बघा, विसाव्या शतकातले हे तीन नामांकित टीव्ही वृत्तकॅमेरामन, आणि तिघांच्याही बालपणीच्या सुरुवातीच्या वर्षांत घरात टीव्ही नव्हता. जी नोकरी अस्तित्वातच नव्हती तिचं स्वप्न कसं पडणार? कोणी म्हणेल, सिनेमागृहात वार्तापट दाखवायचे की! दाखवायचे, पण त्यात कॅमेरा धरणारा माणूस कुठे दिसतो? मग त्यांच्या बालपणानं त्यांना दिलं तरी काय? मी आज मुख्यतः अमीन यांच्यावर बोलणार आहे. एक तर त्यांच्या लहानपणाबद्दल बरंच ठाऊक आहे, आणि दुसरं म्हणजे ती गोष्ट आपल्याही समुद्राच्या पलीकडचीच आहे.

पलीकडची म्हणजे कशी, ते सांगतो. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबातले, कराचीच्या बंदरातून. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. नैरोबी हे शहर १८९९ मध्ये जन्मलं तेच या रेल्वेचं एक ठाणं म्हणून. मुंबई-मोंबासा बोटींची ये-जा इतकी, की १९२० पर्यंत तिथे चलन होतं आपला रुपया. रेल्वे बांधून झाली, पण ती चालवायलाही हिंदी माणसंच लागली. अमीन यांचे वडील त्या पुढच्या पिढीतले. पंजाबी मुसलमान, रेल्वेच्या नोकरीत.

या समाजाची रचना तीन मजली होती. वर गोरे, खाली आफ्रिकी, मध्ये आशियाई. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, दवाखाने वेगळे. मधल्या मजल्यावरच्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते : वरचे आपल्याला आपलं मानत नाहीत आणि खालचे आपल्याला साहेबाचा माणूस समजतात. ही काही सुखाची जागा नव्हे. पण वरच्या मजल्यावर काय चाललंय आणि खालच्या मजल्यावर काय चाललंय, दोन्ही तिथूनच दिसतं. मुलगा दोन-तीन भाषा ऐकत वाढतो. कुठल्या दाराशी कसं बोलायचं हे शिकतो. पुढे सैनिकांच्या नाक्यावर, परवान्याच्या खिडकीवर, विमानतळाच्या मालकक्षात अमीन जे करायचे, त्याची उजळणी या बालपणात झालेली होती, असं माझं मत आहे.

आता कॅमेरा. अकराव्या वर्षी या मुलानं जुन्यात एक बॉक्स ब्राउनी घेतला. ब्राउनी हा कोडॅक कंपनीचा कॅमेरा, १९०० साली बाजारात आला. किंमत एक डॉलर, आणि जाहिरात सरळ मुलांसाठी. ब्राउनी हे नावसुद्धा त्या काळच्या मुलांच्या चित्रकथांमधल्या छोट्या भुतांचं. पहिल्याच वर्षात लाखाच्या वर खपला. त्यामुळे ‘हातात ब्राउनी आला आणि कॅमेरामन घडला’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. ब्राउनी लाखो मुलांच्या हातात आला होता. त्यांतल्या बहुतेकांनी मावशीचं लग्न टिपलं आणि कॅमेरा माळ्यावर टाकला.

तरी या डब्याकडे थोडं नीट बघू या, कारण साधनाची मर्यादा माणसाला काहीतरी शिकवते. डबाच तो : पुठ्ठा किंवा पत्रा, पुढे साधं भिंग, वर छोटी काच. फोकस बदलता येत नाही. शटरचा वेग एकच, तोही संथ. पुष्कळ मॉडेलांत एका रिळात फोटो फक्त आठ. झूम वगैरे तर विसराच. याचा अर्थ काय होतो? माणूस मोठा दिसायला हवा तर तुम्ही चालत पुढे जायचं, पण फार जवळ गेलात की तो पुसट. हलती वस्तू आडवी गेली की पुसट. म्हणून ती कुठे थांबेल, कुठे हळू होईल, याचा अंदाज आधी बांधायचा आणि तिथे जाऊन उभं राहायचं. आणि आठच फोटो असल्यामुळे सातव्यानंतर विचार करायचा. मोबाइलवर एका वाढदिवसाचे चारशे फोटो काढणाऱ्या आपल्याला हे जरा अवघड वाटेल.

मोटारींच्या शर्यतीचा प्रसंग मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ मध्ये पूर्व आफ्रिकेत सफारी शर्यत सुरू झाली. केनिया, युगांडा, टांगानिका या तिन्ही मुलखांतून कच्च्या रस्त्यांवर, चिखलातून आणि धुळीतून गाड्या धावायच्या. अमीन शाळकरी असताना या शर्यतीचे त्यानं काढलेले फोटो दार-ए-सलामच्या वृत्तपत्रानं घेतले. हातात कॅमेरा कुठला होता हा प्रश्न गौण आहे. त्या दिवशी मुलाला एक व्यवहार कळला. गाडी वळणावर टिपली हे अर्धं काम. रीळ धुऊन, छापून, अंक छपाईला जायच्या आत कचेरीच्या टेबलावर ठेवणं हे उरलेलं अर्धं. तोच फोटो दोन दिवसांनी नेला तर त्याला कुणी विचारत नाही. छायाचित्रकाराला हे कळलं नाही तरी चालतं. वृत्तछायाचित्रकाराला कळलं नाही तर त्याचा धंदा बसतो.

१९६३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, अमीन यांनी दार-ए-सलाममध्ये कॅमेरापिक्स ही स्वतःची संस्था काढली. पुढच्याच जानेवारीत शेजारी झांझिबारमध्ये क्रांती झाली, सुलतान पळाला, आणि या पोराच्या दारात जगाची बातमी येऊन पडली. त्या वेळचं काम कसं होतं हे लक्षात घ्या. १६ मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. आणि चित्रण झालं की उपग्रह नाही, काही नाही. रिळाची पिशवी लंडनच्या विमानात चढवायची. त्यासाठी वैमानिक ओळखीचा हवा, मालखात्यातला कारकून ओळखीचा हवा. शर्यतीच्या वेळचंच काम, फक्त टेबल आता लंडनला होतं. याची किंमतही मोजावी लागली. १९६६ मध्ये झांझिबारच्या तुरुंगात ते महिन्याच्या आसपास डांबले गेले, तिथे छळ झाला, आणि नंतर ते केनियात परतले.

नैरोबीत ५ जुलै १९६९ रोजी भर रस्त्यात टॉम म्बोया या मंत्र्याची गोळ्या घालून हत्या झाली. अमीन तिथे इतक्या लवकर पोहोचले की रुग्णवाहिकेतही शिरले. त्या चित्रणासाठी त्यांना ब्रिटनमध्ये वर्षातील सर्वोत्तम टीव्ही वृत्तकॅमेरामनचा मान मिळाला.

मॉथ आणि डेव्हिस यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. मार्गारेट मॉथ यांचं मूळ आडनाव विल्सन. टायगर मॉथ विमानातून उड्या मारण्याचा नाद, त्यावरून त्यांनी आडनावच बदलून घेतलं. न्यूझीलंडमधल्या बातम्यांच्या त्या पहिल्या महिला कॅमेरामन. ‘महिला कॅमेरामन’ हा शब्दच बघा, भाषेनंही त्यांच्यासाठी जागा ठेवली नव्हती. त्यांच्यासमोर नमुना म्हणून एकही बाई नव्हती, म्हणजे त्यांच्याबाबतीत तर ‘कुणाला तरी पाहून ठरवलं’ हे शक्यच नाही. जुलै १९९२ मध्ये साराजेव्होत बंदूकधाऱ्याच्या गोळीनं त्यांचा जबडा फुटला. अनेक शस्त्रक्रियांनंतर त्या पुन्हा साराजेव्होला गेल्या. राहिलेले दात शोधायला आले, असं गमतीनं म्हणायच्या. डेव्हिस किशोरवयात टास्मानिया सरकारच्या चित्रपट विभागात लागले आणि पुढे व्हिएतनामला गेले. ३० एप्रिल १९७५ ला सायगावच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचं फाटक तोडून रणगाडा आत शिरतो, ते चित्रण त्यांचं. १९८५ मध्ये बँकॉकमधल्या फसलेल्या उठावात ते मारले गेले. ते पडले, कॅमेरा पडला, आणि पडलेला कॅमेरा चालूच राहिला.

पुन्हा अमीन यांच्याकडे येऊ. ऑक्टोबर १९८४. इथिओपियाच्या उत्तरेला भीषण दुष्काळ, आणि सरकार बाहेरच्यांना तिकडे जाऊ देत नाही. परवाने मिळवण्याची खटपट अमीन यांची, सोबत बीबीसीचे वार्ताहर मायकेल बर्क. कोरेम आणि मेकेले इथल्या छावण्यांतलं चित्रण २३ ऑक्टोबरला बीबीसीवर गेलं आणि मग जगभरच्या चारशेहून अधिक केंद्रांवर. त्यातून ख्रिसमसचं ते मदतगीत निघालं, जुलै १९८५ ची ‘लाइव्ह एड’ मैफल झाली, धान्याची विमानं उतरली.

ते चित्रण आजही बघायला मिळतं, जरूर बघा. पहाटेची थंडी, धुकं, आणि माळरानावर पसरलेली हजारो माणसं. कॅमेरा घाई करत नाही. चेहऱ्यावर थांबतो, तर चांगला थांबतो. मला त्यात तो आठ फोटोंचा हिशेब दिसतो. आता हे माझं वाचन आहे, पुरावा नव्हे. बालपणाच्या गोष्टी नेहमी उलट्या दिशेनं रचल्या जातात, शेवट ठाऊक असतो म्हणून सुरुवात सापडते. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं तेवढं सावध असावं, मी धरून.

या चित्रणावर पुढे टीकाही झाली आणि ती मला रास्त वाटते. दुष्काळ जणू आभाळातून पडला असं प्रेक्षकांना वाटलं. उत्तरेत चाललेलं यादवी युद्ध, लष्करी राजवटीची धोरणं, हे फार कमी पोहोचलं. आफ्रिका म्हणजे हात पसरलेली माणसं, ही प्रतिमा पक्की झाली ती अशा चित्रांमुळेच. पण यात एक भेद करायला हवा. आवाज लंडनचा होता. डोळा नैरोबीत जन्मलेल्या माणसाचा होता, ज्यानं आफ्रिकेतले नेते, उठाव, शर्यती, बाजार, सगळं वीस वर्षं टिपलं होतं. जगानं त्यातली नेमकी कुठली रिळं लक्षात ठेवली, हे त्याच्या हातात नव्हतं.

१९९१ मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. अमीन यांचे ध्वनिमुद्रक जॉन मथाई जागीच गेले, अमीन यांचा डावा हात गेला. कृत्रिम हात बसवून त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी ते अदिस अबाबाहून नैरोबीला निघाले होते. तीन जणांनी विमानाचं अपहरण केलं, इंधन संपलं, आणि विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात आदळलं. १७५ पैकी १२५ जण गेले, त्यांत अमीन होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरलेल्या एका पर्यटकानं साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं ते विमान पाण्यावर फुटताना टिपलं, आणि नंतर जगभरच्या बातम्यांत तेच दाखवलं गेलं.

त्यांचा मुलगा सलीम आता कॅमेरापिक्सचा तो प्रचंड संग्रह सांभाळतो. २००६ मध्ये त्यानं वडिलांवर ‘मो अँड मी’ नावाचा माहितीपट केला. या मुलाच्या लहानपणी टीव्ही होता, त्यावर वडिलांनी काढलेली चित्रंही दिसायची, वडील मात्र घरी क्वचित असायचे. माहितीपट त्याबद्दलही आहे. आता प्रश्न असतील तर घेऊ.