नाशिकमधील रात्रजीवन

नाशिक शहरात व परिसरात दिवस मावळल्यावर बाहेरगावच्या पाहुण्याला काय पाहता, ऐकता, खाता-पिता येते, याची ही नोंद. नाशिकला एकच एक असे रात्रजीवन नाही. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांतली संध्याकाळ वेगळी, गोदाघाटावरची वेगळी आणि त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या वाटेवरची रात्र त्याहून वेगळी. पहिलीला पैसा आणि वाहन लागते, बाकीच्या दोन्ही पंचांगावर चालतात. म्हणून येथे रात्र काढायला येणाऱ्याने खोली ठरवण्याआधी तिथी पाहावी.

शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा या वायनरी आहेत. राजीव सामंत यांनी उभारलेल्या सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि 2005 मध्ये मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली. पर्यटकांची खरी वर्दळ तेव्हापासूनची. टेस्टिंगमध्ये चार-सहा प्रकार थोडे थोडे ओततात. ग्लास देठाला धरून फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. आधी शेनिन ब्लांसारखी पांढरी वाइन, शेवटी शिराझ, कारण लाल वाइनचा तुरटपणा जिभेवर रेंगाळतो आणि पुढची चव मारतो. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम, द्राक्षे पायांनी तुडवायची हौसही याच दिवसांत भागते. सुलाच्या खुल्या रंगमंचावर 2008 साली सुरू झालेला सुलाफेस्ट हा संगीतमहोत्सवही याच सुमारास भरत आला आहे. जानेवारीत नाशिकची थंडी बोचरी असते, स्वेटर हवाच. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची, इतर मद्यासाठी 25 ची. मळ्यावरून रात्री रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये, परतीची गाडी आधीच सांगून ठेवावी. कॅसिनो हवा असणाऱ्याने गोवा गाठावा. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, त्यासाठीचा 1976 चा कधीच अंमलात न आलेला कायदाही 2023 मध्ये रद्द झाला.

गावात तरुणांची गर्दी कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कॅफेंत असते. मिसळ मात्र येथे सकाळचे खाणे, रात्री तिच्या शोधात फिरू नये. मराठी पाहुण्याला सर्वांत चांगली संध्याकाळ नाट्यगृहात मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महाकवी कालिदास कलामंदिरात मुंबई-पुण्याची नाटके येतात. 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृहही आहे. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर याच गावात राहून लिहीत होते, येथल्या प्रेक्षकाचा कान तयार आहे तो उगाच नव्हे. मे महिन्यात गोदाघाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी पार केलेली ही व्याख्यानमाला उघड्यावर, उन्हाचा तडाखा ओसरल्यावर चालते.

रामकुंडावर संध्याकाळी गोदावरीची आरती होते. त्रिपुरी पौर्णिमेला घाट पणत्यांनी उजळतो. पण घाटाची खरी रात्र चैत्र शुद्ध एकादशीची, म्हणजे कामदा एकादशीची. काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोर ओढणाऱ्यांच्या पुढे रथाचे मानकरी बुवा रामाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावलांनी चालतात. रामरथ गोदा ओलांडत नाही. गरुडरथ तेवढा नदीपलीकडे गावात फिरून येतो, आणि मग रामकुंडावर देवाला अवभृथ स्नान घडते. परतायला बराच उशीर होतो. गर्दीत लहान मुले नेऊ नयेत.

सर्वांत मोठी रात्र मात्र शहराबाहेर, सुमारे 28 किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरला असते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री हजारो माणसे कुशावर्त कुंडात स्नान करून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा सुरू करतात. लहान फेरा सुमारे 20 किलोमीटरचा. पाऊस, चिखल, पुष्कळांचे पाय अनवाणी, आणि पुढच्याच्या विजेरीच्या उजेडात मागच्याने टाकलेले पाऊल. वाटेवर चहा आणि फराळाचे वाटप होते, भोलेनाथाचा गजर पहाटेपर्यंत थांबत नाही. एसटी या रात्री जादा गाड्या सोडते. खासगी वाहने गावाबाहेरच अडवतात. पौष वद्य एकादशीला येथेच निवृत्तिनाथांची यात्रा असते. दिंड्या मुक्कामाला उतरतात आणि कीर्तन-जागर चालतो. वणीजवळच्या सप्तशृंग गडावर कोजागिरीच्या रात्री राज्यभरातून तृतीयपंथी भाविक येतात आणि त्यांचा छबिना निघतो. बाहेरच्यांनी तो अदबीने पाहावा, विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये.

2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात हे सगळे बदलेल. पर्वणीचे स्नान पहाटेच्या अंधारातच सुरू होते, त्यामुळे आदली रात्र सगळे शहर जागे असते. 2015 च्या सिंहस्थात बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर थांबवल्या होत्या आणि भाविक घाटापर्यंत पायी गेले होते. स्नानपर्वाच्या दिवसांत मुक्काम घाटापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आणि पुष्कळ आधी ठरवावा.