मेलॅनॉप्सिन : दृष्टीपलीकडचा डोळा

डोळ्याचे काम पाहण्याचे, असे आपण गृहीत धरतो. परंतु बाहेर दिवस आहे की रात्र आणि उजेड किती आहे, ही माहितीही डोळा मेंदूला अखंड पुरवीत असतो. या कामात कोणतेही चित्र दिसत नाही. त्याची मुख्य जबाबदारी मेलॅनॉप्सिन या प्रथिनावर असते.

दृष्टिपटलातील दंडपेशी अंधूक उजेडात, तर शंकुपेशी भर उजेडात आणि रंग ओळखण्यासाठी उपयोगी पडतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी या दोनच, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिला छेद देणारे निरीक्षण अमेरिकेतील क्लाइड कीलर यांनी १९२०च्या दशकातच नोंदविले होते. आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांतील बाहुल्याही प्रकाश पडताच आकुंचन पावत. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमधील रसेल फॉस्टर यांच्या गटाने दाखवून दिले, की दंडपेशी व शंकुपेशी दोन्ही नसलेल्या उंदरांचे जैविक घड्याळदेखील प्रकाशानुसार पुढेमागे होते.

दरम्यान १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतील रंगद्रव्य-पेशींत एक नवे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. मेलॅनोफोर या त्या पेशींच्या नावावरून त्याला मेलॅनॉप्सिन म्हटले गेले. २००० साली तेच प्रथिन मानवी दृष्टिपटलातही आढळले; पण दंडपेशी वा शंकुपेशींत नव्हे, तर गँग्लियन पेशींमध्ये. या पेशी केवळ इतरांचे संदेश मेंदूकडे पोहोचविणाऱ्या निरोप्या मानल्या जात. त्यांपैकी काही मोजक्या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन, समेर हत्तार आदींच्या प्रयोगांतून सिद्ध झाले.

मेलॅनॉप्सिनच्या रेणूत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारा रेटिनल हा घटक असतो. प्रकाशकण आदळताच वाकलेला रेटिनल सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीत रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते. अखेर पेशीपटलातील मार्गिका उघडून विद्युतभारित कण आत शिरतात व पेशी उद्दीपित होते. दंडपेशी आणि शंकुपेशींत नेमके उलट घडते. तेथे प्रकाशाने मार्गिका बंद होतात. या बाबतीत मेलॅनॉप्सिनचे साम्य कीटकांच्या डोळ्यांतील प्रथिनांशी अधिक आहे. त्याचा प्रतिसाद संथ असतो. मात्र उजेड टिकून असेपर्यंत तो टिकतो आणि उजेड गेल्यावरही काही काळ रेंगाळतो. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला ते सर्वाधिक दाद देते.

या पेशींचे तंतू मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असलेल्या मुख्य जैविक घड्याळापर्यंत जातात. तेथून झोपेची वेळ ठरते, तसेच रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकावर नियंत्रण राहते. बाहुलीचा आकार लहानमोठा करणाऱ्या केंद्रालाही याच पेशी खबर देतात.

या ज्ञानाचे वैद्यकीय मोल मोठे आहे. पूर्णतः अंध असलेल्या काही व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला असता त्यांच्या शरीरातील मेलॅटोनिन घटते, असे १९९५ मध्येच दिसून आले होते. दंडपेशी व शंकुपेशी नष्ट झाल्या तरी गँग्लियन पेशी शाबूत असतील, तर अशा व्यक्तीचे घड्याळ दिवसरात्रीशी जुळलेले राहू शकते. दोन्ही डोळे गमावलेल्या अनेकांची झोप मात्र दररोज थोडीथोडी पुढे सरकत जाते. म्हणून दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगी समजून काढून टाकण्यापूर्वी, त्याचे हे दुसरे काम चालू आहे का, याचा विचार आवश्यक ठरतो. काचबिंदूत तर गँग्लियन पेशींनाच इजा पोहोचते. त्यामुळे दृष्टीबरोबर झोपेचे वेळापत्रकही बिघडू शकते.

डोळस माणसालाही हेच शास्त्र लागू पडते. सकाळचा मोकळा उजेड घड्याळाला शिस्त लावतो. रात्री उशिरापर्यंतचा प्रखर दिवा तीच शिस्त मोडतो.