दोन प्रोटॉनांची जोडी

अल्फा, बीटा आणि गॅमा. किरणोत्साराचे हे तीन प्रकार आपण वर्गात शिकवतो आणि यादी तिथेच थांबवतो. निसर्गाची यादी मात्र याहून लांब आहे. तिच्यातल्या एका प्रकाराची ही हकिकत.

केंद्रकात प्रोटॉन जोडीने राहतात. एखाद्या केंद्रकात न्यूट्रॉन फारच कमी असतील, तर त्याला प्रोटॉन जड होतात. पण एकटा प्रोटॉन बाहेर पडायचा तर जोडी मोडावी लागेल. तेवढी ऊर्जा नसेल तर? दोन्ही प्रोटॉन एकदमच बाहेर पडतील, असे भाकीत सोव्हिएत शास्त्रज्ञ विताली गोल्डान्स्की यांनी 1960 मध्ये केले.

असे केंद्रक मिळायला चाळीस वर्षे लागली. नेहमीच्या लोखंडात 26 प्रोटॉनांबरोबर बहुधा 30 न्यूट्रॉन असतात. लोह-45 मध्ये फक्त 19. त्याचे अर्धायुष्य सुमारे अडीच मिलिसेकंद, म्हणजे ते प्रयोगशाळेतच घडवावे लागते. जर्मनीत डार्मस्टाट येथे आणि फ्रान्समध्ये काँ येथे निकेल-58 चा वेगवान झोत लक्ष्यावर आदळवला गेला. उडालेल्या तुकड्यांतून चुंबकांच्या साहाय्याने लोह-45 ची मोजकी केंद्रके वेगळी काढली आणि सिलिकॉनच्या शोधकात रुतवली. 2002 मध्ये दोन्ही गटांनी निष्कर्ष जाहीर केले: विघटनात सुमारे 1.1 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते आणि सोबत बीटा कणाची खूण नाही.

ही ऊर्जा भाकिताशी जुळत होती. पण सिलिकॉनमध्ये प्रोटॉन जागच्या जागीच थांबतात आणि हाती येते ती एकूण ऊर्जा. बंद पिशवीचे वजन कळले, तरी आत फळे किती आहेत हे कळत नाही, तसेच हे झाले.

ही पिशवी 2007 मध्ये उघडली. काँच्या गटाने वायूने भरलेल्या शोधकात दोन प्रोटॉन वेगवेगळे नोंदवले. वॉर्सा विद्यापीठाच्या गटाने तर अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात त्यांची छायाचित्रेच घेतली. वायूतून जाताना प्रोटॉन वाटेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतो. विद्युतक्षेत्राने ते एका बाजूला ओढून त्यांची संख्या वाढवली, की तिथे मंद प्रकाश पडतो. कॅमेरा त्याचे चित्र टिपतो. पण चित्र सपाट. खोली कशी मोजायची? जवळचे इलेक्ट्रॉन आधी पोहोचतात, लांबचे नंतर. म्हणून कोणत्या क्षणी किती प्रकाश आला याचीही नोंद ठेवली आणि तिसरी मिती मिळाली.

चित्रांत एकाच बिंदूतून निघालेल्या दोन रेषा स्पष्ट दिसल्या. त्यांच्यामधला कोन आणि ऊर्जेची वाटणी आता मोजता आली. तिन्ही तुकडे एकाच वेळी वेगळे होतात असे मानणाऱ्या सिद्धान्ताशी ही मापे चांगली जुळली.

हा धडा वर्गात घेताना 2007 चे चित्र लगेच दाखवू नये. आधी फक्त 2002 ची माहिती द्यावी आणि विचारावे: एवढ्यावरून दोन प्रोटॉन निघाले असे म्हणाल का? आणखी काय मोजायला हवे?