मंडळी : तीन प्रवासांची कथा

‘मंडळी’ हा मराठी भाषेतील मोठा घरगुती शब्द आहे. घरची मंडळी, पंगतीची मंडळी, दिंडीतील मंडळी असे आपण सहज म्हणतो. मागच्या पिढीतील गृहस्थांना चारचौघांत पत्नीचा उल्लेख करावयाचा झाला, तर तेही ‘आमची मंडळी’ असेच म्हणत. मराठी ख्रिस्ती समाजाने उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या समुदायाला हाच शब्द लावला. अहमदनगरची मंडळी, साताऱ्याची मंडळी असे ख्रिस्ती मनुष्य म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे देवालयाची इमारत नसते. तेथे जमणारी माणसे असतात.

या साध्या शब्दामागे एक दुःखही आहे. एकोणिसाव्या शतकात जो मराठी मनुष्य बाप्तिस्मा घेई, त्याला देव भेटला की नाही हे त्याचे त्याला ठाऊक. परंतु त्याची मंडळी मात्र बहुधा त्याच दिवशी तुटे. पंगत बंद होई, सोयरीक बंद होई, आईबापांच्या घराचा उंबरठा परका होई. मिशनचा आवार त्याला आसरा देई. पण तेथील कारभार साहेबांच्या हाती असे. मग ‘आता आपली मंडळी कोणती?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. या प्रश्नाची तीन उत्तरे तीन प्रवासांतून पाहता येतात. हे तिन्ही प्रवास महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, जुन्या मध्य प्रांतात घडले आणि त्यांची वाट आपल्याला शेवटी जबलपूर व नर्मदाकाठ यांच्यापाशी आणून सोडते.

जबलपूर मराठी माणसाला अगदी परके नव्हे. १८१७ साली इंग्रजांचा अंमल बसण्यापूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने तेथे काम सुरू केले. १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला एकमेकांस मिळाले. कल्याण, भुसावळ, इटारसी, जबलपूर ही नावे एका सरळ मार्गावर आली आणि महाराष्ट्र व नर्मदाखोरे हे शेजारी झाले. ज्यांना आपल्या गावात जागा उरली नव्हती, त्यांच्या आयुष्यात या आगगाडीने काय घडविले, हे पुढील हकिकतीवरून दिसेल.

पहिला प्रवास १८९३ सालचा. नारायण वामन टिळक हे कवी व विद्वान गृहस्थ नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. नागपुरात त्यांनी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम केले होते. गाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. गोष्टी कवितेच्या निघाल्या व धर्माकडे वळल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांच्या मनाची पकड बसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्याच हातून घ्यावयाचा, हा त्यांचा आग्रह होता. विलायतेचा हात धरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे त्यांना कोणी म्हणावयास नको होते.

परंतु देवाची मंडळी मिळाली आणि घरची मंडळी गेली. पत्नी लक्ष्मीबाई साडेचार वर्षांच्या सुमारास माहेरच्या माणसांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. त्या काळातील त्यांची होरपळ ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, तरी सोवळेओवळे बरोबर घेऊनच आल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातीची भिंत त्यांच्याच विचाराने, हळूहळू ढासळली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नव्या मंडळीत त्या पतीच्या पाठोपाठ फरफटत गेल्या नाहीत. स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. म्हणूनच पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याची हिंमत त्या बाळगू शकल्या.

टिळकांनी मंडळीला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे तिची स्वतःची वाणी. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या ठिकाणी त्यांनी अभंग, ओवी व भजन आणले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. मराठी ख्रिस्ती मनुष्य त्यांची गीते गाऊ लागला, तेव्हा देव बदलला तरी आपली भाषा, आपली संतपरंपरा आणि आपली माती आपल्याला सोडून गेलेली नाही, हे त्याला उमगले. तरीही टिळकांचे समाधान झाले नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले व दरबार संकल्परूपानेच राहिला.

दुसरा प्रवास पंडिता रमाबाईंचा. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या; परंतु धर्मगुरूंच्या आज्ञेत डोळे मिटून राहणे त्यांना कधी साधले नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी तेथील भगिनींना केला होता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. तेथील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसताच १८९३ साली मोठे वादळ उठले. पुण्यातील पुढाऱ्यांनी पाठिंबा काढून घेतला. त्यांच्या तक्रारीतही तथ्य होते. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, अशा समजुतीनेच त्यांनी साहाय्य केले होते. रमाबाई मात्र दोन्हीकडून एकट्या पडल्या. हिंदू समाजाला त्या परक्या आणि मिशनला त्या ऐकणाऱ्या नव्हत्या.

अशा वेळी १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात त्याने हाहाकार उडविला. १८९९-१९०० साली पुन्हा दुष्काळ पडला. १८९१ ते १९०१ या दशकात एकट्या जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ टक्क्यांनी घटली, यावरून त्या आपत्तीची कल्पना यावी. रमाबाईंनी उपासमार पुस्तकात वाचलेली नव्हती. तरुणपणी तीर्थाटनात असताना दुष्काळानेच त्यांचे आईवडील व बहीण नेली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ वसली ती या मुलींमुळे.

या हिंदी बोलणाऱ्या निराधार मुलींना ना गाव उरले होते, ना नाव सांगणारे कोणी. मंडळी म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. ते त्यांना एका ताटाने, एका छपराने आणि हाताला मिळालेल्या कामाने शिकविले. केडगावात शेत होते, माग होते आणि छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. ज्या स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्याच हातांनी त्याचे खिळे जुळविले गेले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वी थोडेच दिवस भाषांतर पुरे झाले होते. रमाबाई मंडळी शोधत होत्या असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी इतरांना मंडळी दिली आणि तीत त्यांना स्वतःलाही जागा मिळाली, असे म्हणणे अधिक खरे.

मध्य प्रांतातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांचा पाया याच दुष्काळांत पडला. जबलपूर, दमोह या भागांतील मिशनच्या अनाथालयांत वाढलेली मुले पुढे शिक्षक, सुतार, परिचारिका, उपदेशक झाली. ‘अन्नासाठी धर्म घेतला’ असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला आणि काही ठिकाणी तो अकारण नव्हता. परंतु त्या मुलांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्याला कोणीच आपले म्हणत नव्हते, त्याला पहिल्यांदा ‘हा आमचा’ असे म्हणणारी माणसे रविवारच्या त्या लहानशा उपासनेत भेटली. १९२३ साली जबलपूरला मेथॉडिस्ट पंथाचे ईश्वरविद्येचे महाविद्यालय स्थापन झाले आणि मंडळ्यांचे पाळक येथील माणसांतूनच तयार होऊ लागले.

तिसरा प्रवास आपल्याला खुद्द नर्मदेच्या उगमाकडे नेतो. टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो हे अहमदनगरकडील अँग्लिकन धर्मोपदेशक. त्यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला व पुढे पुण्यास त्याचा आश्रम वसविला. भारतीय व इंग्रज यांनी एका पंक्तीला बसावे, साधे राहावे, हा त्याचा नेम होता. टिळकांनी पाहिलेल्या स्वप्नाचा तो एक अंश होता. १९२७ साली ऑक्सफर्डचा व्हेरियर एल्विन नावाचा तरुण या आश्रमात आला आणि तेथे त्याला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती सोबती भेटला. दोघांवर गांधीजींच्या विचारांचा संस्कार झाला. जमनालाल बजाजांच्या सूचनेवरून गोंडांची सेवा करण्याचे त्यांनी ठरविले आणि ३० जानेवारी १९३२ रोजी ते अमरकंटकाजवळील करंजिया या खेड्यात येऊन राहिले. हे गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते.

भेडाघाटाला संगमरवरी कड्यांतून वाहणारी नर्मदा जबलपूरकरांनी पाहिलेली असते. करंजियाकडे ती अजून लहान असते. तेथे या दोघांनी झोपडी बांधली, शाळा काढल्या, औषधोपचार सुरू केले, महारोग्यांसाठी आसरा उभारला. मात्र कोणाचा धर्म पालटावयाचा नाही, असा निश्चय केला. नागपूरच्या बिशपांना तो पटणे शक्य नव्हते. जो उपदेशक उपदेशच करीत नाही, त्याला मंडळीचा सेवक कसे म्हणावे, ही त्यांची अडचण प्रामाणिक होती. अखेर १९३५ साली एल्विन चर्चमधून बाहेर पडले. ते पुढे मोठे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजले आणि १९५४ मध्ये भारताचे नागरिक झाले.

शामरावांची कीर्ती इतकी पसरली नाही. गावकरी एल्विनना ‘बडा भाई’ म्हणत आणि शामरावांना ‘छोटा भाई’. रोग्याला औषध देणे, भांडणे मिटविणे, माणसे सांभाळणे हे काम बरेचसे छोट्या भाईकडे असे. या सहवासातून १९४६ साली त्यांचा नर्मदाखोऱ्यातील परधानांवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवीत ते यजमानांच्या घरी जातात, त्यांच्या कुळांच्या व देवांच्या कथा गातात. अभंग आणि कीर्तन यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला त्या गायकांविषयी जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविक होते. इतरांनी ज्यांना नुसते मागते मानले, त्यांना शामरावांनी एका समाजाची स्मृती जपणारे कलावंत म्हणून पाहिले. एल्विन ईशान्य भारतात गेले, त्यानंतरही शामराव त्या माणसांत राहिले. ही दोघे ज्या पाटणगढ गावी राहत असत, तेथल्याच परधान घराण्यातील जनगढसिंह श्याम यांनी १९८० नंतर आपल्या चित्रांनी जगाचे लक्ष वेधले.

या तीन उत्तरांत मेळ आहे असे वरवर पाहता वाटणार नाही. टिळकांनी मंडळीला तिच्या भाषेत गावयास शिकविले. रमाबाईंनी पंथाच्या चौकटीबाहेर स्वतःची मंडळी वसविली. शामरावांनी ज्यांना ख्रिस्ती करावयाचे नव्हते, त्यांच्यातच आपले भाऊ पाहिले. ख्रिस्ती समाजात या तिन्ही वाटांविषयी वाद झाले. परंतु तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखीच घडली. श्रद्धेमुळे एक घर सुटले. दुसरे घर मात्र त्यांना आयते मिळाले नाही. कोणाला तरी आपल्या पंक्तीत घेतल्यावरच ते उभे राहिले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आले आणि उत्तर भारत चर्च निर्माण झाले. महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या आणि जबलपूरच्या अँग्लिकन मंडळ्या एका छत्राखाली आल्या. टिळकांनी जेथून गाडी पकडली होती, ते हेच नागपूर. त्यांच्या दरबारात मात्र यापेक्षाही अधिक माणसांना जागा होती. बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठीही त्यांनी तेथे आसन मांडून ठेवले होते.