एंजिनाचा श्वास

मोटारीच्या सामर्थ्याची चर्चा निघाली म्हणजे ती पेट्रोलापाशी सुरू होते आणि बहुधा पेट्रोलापाशीच संपते. वस्तुतः एक शेर पेट्रोल नीट जळावयास सुमारे पंधरा शेर हवा लागते. ही हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. परंतु हवा तापली की विरळ होते. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत ती वजनाने सुमारे नऊ टक्के कमी मावते, आणि एंजिनाचे बळ त्याच प्रमाणात ओसरते. हवा कोठून घ्यावी, कशी गाळावी आणि ती थंड कशी राखावी, हा प्रश्न त्यामुळे एंजिनाइतकाच जुना आहे. कृष्णाकाठच्या कारागिरांनी तो गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या रूपांनी सोडविला आहे.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. मध्ये औंध, सांगली, मिरज अशी संस्थाने विखुरलेली होती. त्यांपैकी औंधच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना उभारला. साताऱ्याचे धनजीशहा कूपर यांनी १९२२ च्या सुमारास सातारा रोड येथे दुसरा कारखाना काढला. दोघांचाही आरंभ लोखंडी नांगरापासून झाला. पुढे १९३७ साली कूपर काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान झाले, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्यांच्या कारखान्यातून १९३० नंतरच्या दशकात बाहेर पडलेली डिझेल एंजिने भारतात तयार झालेल्या अगदी पहिल्या डिझेल एंजिनांपैकी होती, ह्याचे स्मरण मात्र कमी लोकांस राहिले आहे. मंत्रिपदापेक्षा हे काम अधिक टिकाऊ ठरले असे म्हणावयास हरकत नाही.

डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाही. ते नुसती हवा ओढते, ती दाबून तापविते आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडते. विहिरीच्या काठी पत्र्याच्या खोलीत बसविलेले एंजिन वैशाखात आपल्याच अंगाने तापलेली हवा पुनःपुन्हा ओढीत राहते. त्यात मळणीचा भुसा आणि नांगरटीची धूळ. ह्यास्तव तेलाच्या भांड्यातून वळवून हवा गाळणारी गाळणी एंजिनांवर व ट्रॅक्टरांवर बसू लागली. वळणावर हवा सहज वळते, जड धूळ वळत नाही, ती तेलात जाऊन पडते. युक्ती इतकी साधी आहे की तिचे कौतुक करावयाचे राहून जाते.

मोटारींचा आरंभीचा इतिहास ह्याच्या नेमका उलट आहे. फोर्ड कंपनीच्या जुन्या ‘टी’ मोटारीत धुराड्याभोवतालची गरम हवा कार्ब्युरेटरकडे नेणारी एक नळी असे, कारण थंड मुलखात पेट्रोलाची वाफ होईना. उन्हाळ्यात ही नळी काढून ठेवावी, असे खुद्द कंपनीचेच सांगणे होते. दख्खनच्या हवेत तर तिची गरज वर्षातून फार थोडे दिवस. थंड हवेसाठी मूळ गाडीत फेरफार करण्याची कल्पना हल्लीच्या हौशी तरुणांची आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी ही नळी आठवावी.

पण ह्या प्रश्नाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. १९४१ साली पेट्रोलावर नियंत्रण आले. १९४२ साली ब्रह्मदेश पडला आणि तेथील तेलाच्या विहिरींचा पुरवठाही तुटला. तेव्हा देशभर खाजगी मोटारवाल्यांनी गाड्यांच्या मागे लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसविल्या. जॉर्ज इम्बर्ट ह्या फ्रेंच यंत्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात लाकडावर चालणारी अशी भट्टी सिद्ध केली होती. तत्त्व तेच होते, गावोगावच्या कामात मात्र पत्रा, झाळण आणि लोहाराची अक्कल असे. कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा म्हणजे त्यातून जळाऊ वायू निघतो. तो भट्टीतून निघतो तेव्हा अत्यंत तप्त असतो. तसाच एंजिनात सोडला तर अर्धे बळ वाटेतच जावे. म्हणून तो लांब नळ्यांतून फिरवून थंड करावयाचा, काथ्या, कापड किंवा कोकच्या तुकड्यांतून गाळावयाचा आणि मग साधारण तितकीच हवा त्यात मिसळून एंजिनास पाजावयाचा. सकाळी क्लीनरने दहा-पंधरा मिनिटे हातपंखा फिरविल्यावाचून गाडी जागची हलत नसे.

ह्या सर्व खटाटोपाचे फळ काय? पेट्रोलाच्या मानाने तिसरा हिस्सा ते निम्मे बळ कमी. त्यात घाट. वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागले की हवाही विरळ होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे, तेथे हवेची घनता जवळजवळ बारा टक्क्यांनी घटते. भट्टीने पंगू केलेल्या एंजिनावर हा दुसरा घाव. चढणीवर उतारूंनी खाली उतरून चालावयाचे, प्रसंगी गाडी ढकलावयाची, हा त्या काळच्या घाटप्रवासाचा सर्वांच्या परिचयाचा भाग होता. ह्या प्रवासाचे वर्णन आता गंमत म्हणून केले जाते. पण हा वायू विषारी असे, त्यास वास नसे, आणि नळीची एखादी फट बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकत असे. राखेचे कण गाळणीतून निसटले म्हणजे सिलिंडर झिजत तो निराळाच. नळीचे झाळकाम करणाऱ्या कारागिरावर उतारूंचा भरवसा होता तो असा.

युद्ध संपले, भट्ट्या भंगारात गेल्या, परंतु हातांना पडलेले वळण गेले नाही. सांगलीच्या शेजारीच इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत ‘मीरा’ ह्या लहान मोटारीचे नमुने एकामागून एक घडविले. ती कारखान्यात कधीच निघाली नाही. अगदी अलीकडे, २०२१ च्या अखेरीस, देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगाराच्या सुट्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत बनविलेली, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. यशवंतराव चव्हाणांचे हेच जन्मगाव. आनंद महिंद्र यांनी ती घेऊन बदली नवी बोलेरो दिली. हे करताना त्यांनी स्पष्ट म्हटले होते की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या तिला अडवतील. कारागिराचा गौरव आणि त्याच्या गाडीला मज्जाव, दोन्ही एकाच दिवशी झाले.

तोच नियम वेगवान मोटारीवर घरगुती नळी बसविणाऱ्या तरुणालाही लागू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार करावयास आडवे येते. पण कायदा बाजूस ठेवला तरी गणित उरतेच. दीड लिटरचे एंजिन मिनिटास सहा हजार फेरे घेते तेव्हा ते सेकंदाला साठ-सत्तर लिटर हवा ओढते. ती शेतात वापरतात त्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीतून गेली, तर तिचा वेग सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास होतो. अशा वेगात प्रत्येक काटकोनी वळण श्वास कोंडते. शिवाय ही नळी रेडिएटरपाशी मऊ पडते. बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवून आड पत्रा न घातल्यास एंजिन पूर्वीपेक्षा गरम हवा ओढते, वाढतो तो केवळ आवाज. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत हवेचे वजन मोजणारा सेन्सरही नळीतच असतो. नळीचा व्यास बदलला की त्याचे माप चुकते आणि तेलाचे प्रमाण बिघडते. नव्या गाड्या मुळातच पुढच्या जाळीतून बाहेरची हवा घेतात, यास्तव उत्तम कामानेही शेकडा दोन-चारच्या पलीकडे लाभ क्वचितच होतो.

थंड हवा जमिनीलगत, बंपरखाली मिळते, म्हणून नळीचे तोंड तेथे नेण्याचा मोह होतो. सांगलीत हा मोह महाग पडतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये ५५ फुटांच्या घरात. गुडघाभर पाण्यातून जाणाऱ्या मोटारीच्या नळीत घोटभर पाणी शिरले, तरी ते सिलिंडरात दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एंजिन पाण्यात बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नच अधिक नाश करतो. म्हणून पुरानंतर गाडी ओढून आणली की जाणता मिस्त्री किल्लीला हात लावीत नाही. तो आधी प्लग काढतो, एंजिन हाताने फिरवितो आणि भोकांतून गढूळ पाणी पडते की काय ते पाहतो.